'लुअर', 'एन्टाइस', 'टेम्प्ट' की 'कोक्स'? मोहात पाडणारी इंग्रजी क्रियापदं नेमकी कशी वापरावीत

मुलाचा ताबा मिळावा म्हणून एका आईने कोर्टात अर्ज केला होता. तिचं प्रतिज्ञापत्र मराठीत होतं आणि त्याचं इंग्रजी करायचं काम माझ्याकडे होतं. त्यात एक साधं वाक्य होतं: 'ताप उतरत नव्हता, म्हणून मी मुलाला गोड बोलून दवाखान्यात नेले.' मी लिहिलं, 'आय लुअर्ड द चाइल्ड टू द हॉस्पिटल.' कागद दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी वकीलबाईंनी ते वाचलं, पेन खाली ठेवलं आणि मला एवढंच विचारलं, "अहो, ही आई आहे की मूल पळवणारी?"

वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. स्पेलिंग बरोबर होतं, काळही बरोबर होता. पण 'लुअर' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सापळा उभा राहतो, आणि तापाने फणफणलेल्या लेकराला समजावून उचलून नेणारी आई त्या एका शब्दाने संशयित झाली होती. तिथे 'कोक्स्ड' हवं होतं. शब्द बदलला, कागद वेळेत गेला. त्या दिवसापासून या शब्दांचा मी नीट अभ्यास केला. मराठी माध्यमातून शिकून आता इंग्रजीत अर्ज, बातमी, अनुवाद किंवा ऑफिसची ईमेल लिहू लागलेल्यांसाठी तो इथे मांडते आहे.

उदाहरणं मुद्दाम देवनागरीत, उच्चारानुसार दिली आहेत. आधी मोठ्याने वाचा, मग वहीत रोमन लिपीत उतरवा. स्पेलिंगचा सराव त्यातच होऊन जाईल.

पहिली पायरी: अर्थ पाठ करण्याआधी चित्र बघा

'लुअर' हा शब्द शिकारी पक्ष्यांच्या दुनियेतून आला आहे. जुन्या फ्रेंचमधून १४व्या शतकात तो इंग्रजीत उतरला. ससाणा पाळणारा माणूस लांब दोरीला पिसांचा झुबका बांधतो, त्यात मांसाचा तुकडा अडकवतो आणि ती दोरी हवेत गरगर फिरवतो. आकाशात उंच गेलेला ससाणा तो झुबका पक्षी समजून झेपावतो आणि मालकाकडे परत येतो. या झुबक्याचं नाव लुअर. तो दाखवून पक्ष्याला बोलावणं हे क्रियापदही लुअरच.

आता आपला शब्द बघा. 'आमिष' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस. 'निरामिष' भोजन म्हणजे मांस नसलेलं जेवण, हे आपल्याला माहीतच आहे. मांसाचा तुकडा दाखवून जनावराला जवळ आणायचं, त्यावरून आमिष दाखवणं. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नसताना दोन्हीकडे शब्दाच्या मुळाशी तोच मांसाचा तुकडा निघावा, याचं मला अजून नवल वाटतं. आणि म्हणूनच 'आमिष दाखवून' या मराठी शब्दप्रयोगाला 'लुअर' हा सर्वांत जवळचा इंग्रजी शब्द आहे.

या चित्रातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पोट भरलेला ससाणा लुअरकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून त्याला उडवण्याआधी भुकेला ठेवतात. म्हणजे 'लुअर' लागू पडतो तो आधीपासून असलेल्या भुकेवर. माणसाच्या बाबतीत ही भूक पैशाची असेल, नोकरीची असेल, लग्नाची असेल. तुमच्या वाक्यात अशी भूक नसेल, कुणी नुसतं मुद्देसूद बोलून पटवलं असेल, तर 'लुअर' बाजूला ठेवा आणि 'परस्वेड' घ्या.

उच्चाराबद्दल थोडक्यात. 'लुअर' किंवा 'ल्युअर', दोन्ही चालतात. स्पेलिंग एल, यू, आर, ई. भूतकाळात शेवटी नुसता डी लागतो. 'आयएनजी' लावताना ई गळतो.

दुसरी पायरी: वाक्याचा साचा

'लुअर'च्या वाक्यात चार जागा असतात: कोणी, कोणाला, कशाने आणि कुठे. चारही प्रत्येक वेळी भराव्या लागत नाहीत, पण 'कोणाला' ही जागा बहुधा रिकामी राहत नाही. वाक्य कर्मणी असेल तर तोच कर्त्याच्या जागी येतो: 'ही वॉज लुअर्ड.'

'कशाने' या जागेला 'विथ' किंवा 'बाय' लागतं. 'कुठे' या जागेला काय लावायचं ते मात्र चित्रावर ठरतं. आपल्या घरातली उदाहरणं घेऊ. रामायणात मारीच सोन्याच्या हरणाचं रूप घेऊन रामाला आश्रमापासून दूर नेतो. इथे भर दूर नेण्यावर आहे, म्हणून 'अवे फ्रॉम': 'मारीच लुअर्ड राम अवे फ्रॉम द हर्मिटेज.' १६५९ साली शिवाजी महाराजांनी अफझलखानाला वाईच्या मोकळ्या मुलखातून जावळीच्या खोऱ्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी आणलं. इथे एका ठिकाणाहून बाहेर काढणं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी अडकवणंही आहे: 'शिवाजी लुअर्ड अफझलखान आउट ऑफ द ओपन कंट्री अँड इन्टू द जावळी व्हॅली.' या वाक्यात महाराजांवर ठपका नाही. युद्धाच्या वर्णनात 'लुअर' म्हणजे डावपेच, आणि डावपेच यशस्वी करणाऱ्या सेनापतीसाठी ती प्रशंसाच असते.

ठिकाणाऐवजी कृती सांगायची असेल तर 'इन्टू' आणि पुढे आयएनजी: 'दे लुअर्ड हिम इन्टू साइनिंग द पेपर्स.' त्यांनी आमिष दाखवून त्याच्या सह्या घेतल्या. 'लुअर्ड हिम टू साइन' असंही कुठे कुठे वाचायला मिळतं, पण नवख्याने 'इन्टू साइनिंग' हीच सवय लावून घ्यावी. ते कुठेही खटकत नाही.

आता आपली नेहमीची चूक. मराठीत आपण म्हणतो, 'त्याने मला आमिष दाखवलं की तो नोकरी देईल.' त्या 'की'चं आपण इंग्रजीत 'दॅट' करतो: 'ही लुअर्ड मी दॅट ही विल गिव्ह जॉब.' इंग्रजीत 'लुअर'नंतर असं 'दॅट' येऊच शकत नाही. 'की'च्या पुढचं सगळं वाक्य उचलून 'प्रॉमिस'मध्ये घाला: 'ही लुअर्ड मी विथ द प्रॉमिस ऑफ अ जॉब.' हे 'विथ द प्रॉमिस ऑफ' तोंडपाठ करा. फसवणुकीच्या बहुतेक तक्रारी त्या एका साच्यात बसतात: जादा परताव्याचं आमिष, स्वस्त घराचं आमिष, लग्नाचं आमिष, परदेशातल्या नोकरीचं आमिष.

दुसरी चूक, 'गिव्हिंग लुअर'. 'आमिष देऊन'चं शब्दशः रूपांतर म्हणून 'बाय गिव्हिंग लुअर ऑफ मनी' असं आपल्याकडच्या इंग्रजीत सर्रास दिसतं. नाम म्हणून 'लुअर' असतं, पण ते 'द लुअर ऑफ मनी' असं येतं आणि त्याचा अर्थ पैशाची ओढ असा होतो. ते कुणी कुणाला देत नाही. 'द लुअर ऑफ द सिटी ब्रॉट हिम टू मुंबई' हे छान वाक्य आहे. शहराच्या ओढीने तो मुंबईला आला, इतकंच त्यात आहे, फसवणूक कुणाचीच नाही.

तिसरी चूक जास्त बारीक आहे आणि ती करणारे पुष्कळदा चांगलं इंग्रजी लिहिणारे असतात. 'ऑन द प्रीटेक्स्ट ऑफ' हा शब्दप्रयोग 'आमिष दाखवून' या अर्थाने वापरतात: 'ऑन द प्रीटेक्स्ट ऑफ जॉब'. पण प्रीटेक्स्ट म्हणजे बहाणा, खोटं निमित्त. मराठीत आपण हा फरक अगदी सहज करतो. 'फ्लॅट दाखवण्याच्या बहाण्याने नेलं' आणि 'स्वस्त फ्लॅटचं आमिष दाखवलं' यांची गल्लत आपण कधी करत नाही. बहाणा म्हणजे आरोपीने आपल्या कृतीचं सांगितलेलं खोटं कारण, आमिष म्हणजे समोरच्याला मिळेल असं भासवलेली वस्तू. म्हणून 'ऑन द प्रीटेक्स्ट ऑफ शोइंग हिम द फ्लॅट' बरोबर आणि 'विथ द प्रॉमिस ऑफ अ चीप फ्लॅट' बरोबर. मराठी वाक्यात कोणता शब्द आहे ते आधी बघा, इंग्रजी आपोआप ठरेल.

तिसरी पायरी: माणूस गेला की नुसता मोहात पडला?

समानार्थी शब्द निवडताना मी सगळ्यात आधी हा प्रश्न विचारते, कारण शब्दकोशात तो सहसा लिहिलेला नसतो. 'लुअर्ड' म्हटलं की समोरचा गेला, हललाच. 'टेम्प्टेड' म्हटलं की त्याच्या मनात आलं, पुढे तो गेला की नाही ते वाक्य सांगत नाही. 'आय वॉज टेम्प्टेड टू रिझाइन' हे वाक्य इंग्रज माणूस ऐकतो तेव्हा तुम्ही राजीनामा दिला नाही असंच तो बहुधा धरून चालतो. तुम्ही खरंच राजीनामा दिला असेल तर हे वाक्य दिशाभूल करेल.

'टेम्प्ट'चं मूळ लॅटिन. तिथे त्या क्रियापदाचा अर्थ पारखून बघणं, कसोटीला लावणं असा होता. 'अटेम्प्ट' हा त्याचाच भाऊ. मराठी बायबलमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत, जिथे इंग्रजीत 'टेम्प्टेशन' आहे, तिथे 'मोह' असा शब्द नसून 'परीक्षा' असा शब्द आहे: आम्हांला परीक्षेत आणू नको. मूळ अर्थ किती नेमका धरला आहे बघा. टेम्प्ट होणारा माणूस परीक्षेला बसलेला असतो, निकाल अजून लागलेला नसतो.

इथे मराठी माणसाची एक ठरावीक अडचण येते. आपण 'मला मोह झाला' म्हणतो. मोह ही आपोआप होणारी गोष्ट, आणि ती मला होते. त्यावरून 'आय टेम्प्टेड टू बाय इट' असं लिहिलं जातं. त्याचा अर्थ होतो की मीच कुणालातरी मोहात पाडलं. 'मला मोह झाला' म्हणजे 'आय वॉज टेम्प्टेड' किंवा 'आय फेल्ट टेम्प्टेड'. मधला 'वॉज' सोडायचा नाही.

गेला की नाही याचं एक उदाहरण विदर्भातलं. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरात टी-१ वाघिणीचा शोध सुरू होता. लोक तिला अवनी म्हणून ओळखतात. तिला जवळ आणण्यासाठी वनविभागाने 'ऑब्सेशन' नावाच्या परफ्यूमचा वापर करायचं ठरवलं होतं. त्यात जवादी मांजराच्या कस्तुरीसारखा वास असतो आणि मोठी मांजरं त्या वासाकडे ओढली जातात. जगभरच्या इंग्रजी बातम्यांत त्यासाठी 'लुअर' हाच शब्द आला. वाघिणीला जिवंत पकडता आलं नाही. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. आता इंग्रजीत 'ऑफिशियल्स प्लॅन्ड टू लुअर द टायग्रेस विथ परफ्यूम' हे बरोबर ठरेल. पण 'द टायग्रेस वॉज लुअर्ड इन्टू अ केज' असं लिहिलं तर ते खोटं होईल. प्रयत्न असेल तर 'ट्राइड टू लुअर', बेत असेल तर 'प्लॅन्ड टू लुअर' आणि काम फत्ते झालं असेल तरच नुसतं 'लुअर्ड'. पोलिसांच्या कागदात तर हा फरक फार मोठा आहे: 'मुलीला फूस लावण्याचा प्रयत्न केला' आणि 'फूस लावली' या दोन वेगळ्या घटना आहेत.

जंगलाचा विषय निघालाच आहे तर 'बेट'ही इथेच संपवू. जुन्नरकडे बिबट्या गावात शिरला की वनविभाग पिंजरा लावतो आणि आतल्या वेगळ्या कप्प्यात शेळी ठेवतो. ती शेळी म्हणजे बेट. बिबट्याला आत आणणं म्हणजे लुअर करणं. 'अ गोट वॉज यूज्ड अॅज बेट टू लुअर द लेपर्ड इन्टू द केज.' एका वाक्यात दोन्ही शब्द, दोघांची कामं वेगळी. मासेमारीत हाच फरक आणखी स्पष्ट होतो. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावली तर ती बेट, चमकणारा धातूचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा लावला तर तो लुअर. 'बेट' आणि 'बाइट' हे शब्द मुळात एकाच घरचे. मासा बेटला बाइट करतो, असं लक्षात ठेवा. स्पेलिंगमध्ये आय आहे. श्वास रोखून धरणं या अर्थाचा 'विथ बेटेड ब्रेथ' वेगळा, त्यात आय नाही. तिथे आय घालणं ही इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही नेहमीची चूक आहे.

चौथी पायरी: शब्दाचा रंग

आता खरं काम. सगळे शब्द ओढण्याचेच, पण प्रत्येकाचा रंग निराळा आहे.

'अट्रॅक्ट' सगळ्यात निर्मळ. लोहचुंबक लोखंडाला अट्रॅक्ट करतो, पाऊस पर्यटकांना महाबळेश्वरला अट्रॅक्ट करतो. कुणाचा हेतू असेलच असं नाही. मात्र त्याच्यापुढे 'टू' लावून क्रियापद येत नाही. 'द सॅलरी अट्रॅक्टेड मी टू जॉइन' चुकीचं, 'द सॅलरी अट्रॅक्टेड मी टू द जॉब' बरोबर.

दुकानदाराने सवलत देऊन गिऱ्हाईक मिळवलं तर ते 'अट्रॅक्ट'. तीच सवलत खोटी निघाली तर 'लुअर'. पण बातम्यांच्या मथळ्यात 'लुअर' हा शब्द चार अक्षरी म्हणून जागा वाचवायलाही वापरतात: अमुक राज्य गुंतवणूकदारांना लुअर करतं. तिथे फसवणुकीचा वास नसतो, फार तर चढाओढ असते. मथळ्याचं इंग्रजी तुमच्या पत्रात आणू नका. तुमच्याच कंपनीच्या माहितीपत्रकात 'वी लुअर कस्टमर्स' लिहिलं तर स्वतःविरुद्ध जबानी दिल्यासारखं होईल.

'कोक्स' हा मायेचा आणि चिकाटीचा शब्द. चुचकारणं, गोंजारणं, लाडीगोडी लावणं, हळूहळू राजी करणं. पलंगाखाली दडलेलं मांजर, न जेवणारं मूल, रुसलेले आजोबा, थंडीत सुरू न होणारी स्कूटर या सगळ्यांना इंग्रजीत कोक्स करतात. साचा लुअरसारखाच: 'शी कोक्स्ड हिम इन्टू टेकिंग द मेडिसिन.' मराठी 'गोड बोलून' दिसलं की थांबा आणि बोलणाऱ्याचा हेतू बघा. आई असेल तर कोक्स. कुणी गोड बोलून पैसे काढून घेतले असतील तर 'व्हीडल', त्याचा साचा वेगळा: 'ही व्हीडल्ड द मनी आउट ऑफ हर.' त्यात कर्म पैसे, माणूस 'आउट ऑफ'च्या पुढे.

'सिड्यूस' मराठी लेखकाने सगळ्यात जपून वापरावा असा शब्द आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाटेवरून बाजूला नेणं एवढाच होता, पण आजच्या इंग्रजीत पहिला अर्थ लैंगिक आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं की कंपनीच्या नावलौकिकाने तिला 'सिड्यूस' केलं. शब्दकोशात 'मोहित करणे' असा अर्थ वाचून तिने तो प्रामाणिकपणे उचलला होता. आम्ही तिथे 'आय वॉज ड्रॉन टू युवर कंपनी' असं केलं. 'ड्रॉन टू' हा अर्जासाठी, मुलाखतीसाठी अगदी बिनधोक शब्द आहे. 'सिड्यूस' वापरायचाच असेल तर कर्मणी रचनेत आणि निर्जीव गोष्टीबरोबर: 'सिड्यूस्ड बाय द प्रॉमिस ऑफ ईझी मनी'.

आणि 'एन्टाइस'. याच्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या देशात हा शब्द कायद्यात बसला आहे.

एन्टाइसच्या मुळाशी लॅटिनमधलं जळतं कोलीत आहे. मूळ अर्थ चेतवणं, पेटवणं. लुअर बाहेरून दाखवतो, एन्टाइस आतून पेटवतो, असा फरक मी मुलांना सांगते. १८६०च्या भारतीय दंड संहितेत, कलम ३६१ मध्ये, अल्पवयीन मुलाला पालकांच्या ताब्यातून नेण्याबद्दल 'टेक्स ऑर एन्टायसेस' असे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १३७ मध्ये ती जोडी कायम आहे, आणि विवाहित स्त्रीबद्दलच्या कलम ८४ च्या शीर्षकातही 'एन्टायसिंग' आहे. दोन शब्द वेगवेगळे आहेत याचं कारण उघड आहे. 'टेक' म्हणजे नेणं, 'एन्टाइस' म्हणजे मनात इच्छा जागी करून त्याने स्वतः निघावं असं करणं. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या एका निकालात हाच अर्थ सांगितला: समोरच्याच्या मनात आशा किंवा इच्छा निर्माण करून त्याला प्रवृत्त करणं. आपल्या बातम्यांतलं 'फूस लावून पळवून नेले' म्हणजे नेमकं हेच. म्हणून फिर्यादीत 'फूस लावून' आलं की मी डोळे मिटून 'एन्टाइस्ड' लिहिते. तिथे साहित्यिक निवडीला वाव नाही, कायद्याचा शब्द तोच आहे.

त्याचप्रमाणे फसवणुकीच्या कलमात 'इंड्यूस' आहे: फसवून एखाद्याला मालमत्ता द्यायला प्रवृत्त करणं. जुनं कलम ४२०, आता ३१८. तक्रारीत 'आमिष दाखवून पैसे भरण्यास भाग पाडले' असेल तर 'लुअर्ड विथ द प्रॉमिस ऑफ' आणि पुढे 'इंड्यूस्ड टू पे' अशी दोन क्रियापदं एकाच वाक्यात सुखाने नांदतात. पहिलं आमिषाचं, दुसरं परिणामाचं. 'इंड्यूस'नंतर 'टू' आणि मूळ क्रियापद. 'इन्टू' नको.

कायद्याबाहेर मात्र 'एन्टाइस' बराच सौम्य होतो. 'एन्टायसिंग स्मेल' म्हणजे शेजारच्या घरातून येणारा भाजणीच्या थालीपीठाचा खमंग वास. त्यात गुन्हा नाही. साचाही मोकळा आहे, 'एन्टाइस्ड हिम टू स्टे' आणि 'एन्टाइस्ड हिम इन्टू स्टेइंग' दोन्ही बरोबर. उच्चारात जोर 'टाइस'वर.

'बिगाइल', 'इन्व्हेगल', 'कजोल' हे गोड बोलून भुलवण्याचे शब्द वाचताना ओळखता आले तरी पुरे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं लिहिण्यात त्यांची गरज पडत नाही. निवडणुकीच्या बातम्यांसाठी 'वू' शिकून घ्या, मतदारांची मनधरणी करणं, आणि ऑफिसच्या जगासाठी 'पोच', दुसऱ्या कंपनीचे लोक फोडून आपल्याकडे आणणं.

पाचवी पायरी: दिसायला सारखे, पण नव्हेत

'अल्युअर' हे 'लुअर'चंच भावंड, पण आज ते बहुतेक नाम किंवा विशेषण म्हणून जगतं. 'द अल्युअर ऑफ द सी' म्हणजे समुद्राची भुरळ. भुरळ हा शब्द मला 'अल्युअर'साठी अगदी चपखल वाटतो, कारण भुरळ पडते. ती पाडणारा कुणी असेलच असं नाही. विशेषण हवं असेल तर 'अल्युअरिंग', 'टेम्प्टिंग' किंवा 'एन्टायसिंग' घ्या. 'लुअरिंग ऑफर' इंग्रजी कानाला खटकतं.

'लल्ड इन्टू अ फॉल्स सेन्स ऑफ सिक्युरिटी' या ठरलेल्या शब्दप्रयोगात पुष्कळ जण 'लुअर्ड' लिहितात. तिथे 'लल' आहे, दोन एल शेवटी. लल म्हणजे थोपटून झोपवणं, 'ललबाय' म्हणजे अंगाई त्यावरूनच. माणूस गाफील झाला तो आमिषाने नाही, थोपटल्याने. चित्र डोळ्यांपुढे असेल तर ही चूक होणार नाही.

एक वाक्य अथपासून इतिपर्यंत

आपल्या वृत्तपत्रांत वरचेवर येते तशी ओळ घेऊ: 'जादा परताव्याचे आमिष दाखवून निवृत्त शिक्षकाची १२ लाखांची फसवणूक.'

मराठी ओळीत कर्ता नाही. इंग्रजीतही तो घुसडू नका, कर्मणी रचना घ्या. केंद्रस्थानी शिक्षक आहे, तो पुढे: 'अ रिटायर्ड टीचर'. मुख्य क्रिया फसवणूक, म्हणून मुख्य क्रियापद 'चीट', आणि रक्कम 'ऑफ'ने: 'वॉज चीटेड ऑफ ट्वेल्व्ह लाख रुपीज'. 'चीटेड फॉर' नाही. आमिष हे त्या फसवणुकीचं साधन, ते मागाहून येऊ द्या. ते बहाणा आहे का? नाही, मिळणारी वस्तू आहे, म्हणून 'प्रीटेक्स्ट' बाद. शिक्षक गेला का? पैसे गेले म्हणजे गेलाच, म्हणून 'टेम्प्ट' बाद. हेतू वाईट, म्हणून 'अट्रॅक्ट' आणि 'कोक्स' बाद. उरतो 'लुअर': 'आफ्टर बीइंग लुअर्ड विथ द प्रॉमिस ऑफ हाय रिटर्न्स'.

'अ रिटायर्ड टीचर वॉज चीटेड ऑफ ट्वेल्व्ह लाख रुपीज आफ्टर बीइंग लुअर्ड विथ द प्रॉमिस ऑफ हाय रिटर्न्स.'

आता हीच ओळ थोडी बदला. समजा शिक्षकाला संशय आला आणि त्याने पैसे भरण्याऐवजी सायबर पोलिसांच्या १९३० या क्रमांकावर फोन केला. मग 'चीटेड' जातं आणि 'लुअर्ड'ही जातं. 'स्कॅमर्स ट्राइड टू लुअर अ रिटायर्ड टीचर विथ द प्रॉमिस ऑफ हाय रिटर्न्स.' आणि तोच शिक्षक नंतर शेजाऱ्याला सांगताना म्हणाला, 'खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही मोह झाला होता,' तर त्याचं इंग्रजी: 'टू बी ऑनेस्ट, फॉर अ मोमेंट आय वॉज टेम्प्टेड टू.' शेवटी नुसता 'टू' लोंबकळत राहिला तरी चालतं. त्यापुढचं क्रियापद ऐकणाऱ्याला कळलेलं असतं.

सरावासाठी उद्याच्या पेपरात 'आमिष', 'फूस', 'बहाणा' आणि 'गोड बोलून' यांपैकी जो शब्द पहिला सापडेल ती ओळ कापून वहीत चिकटवा. तिच्याखाली पेन्सिलीने चार छोटे प्रश्न लिहा: काय दाखवलं, माणूस गेला का, हेतू कसा, आणि कायद्याचा कागद आहे का. उत्तरं लिहून झाल्यावरच इंग्रजी क्रियापद शाईने लिहा.